खुणेला वाळू

दिवसभर मी रक्त वाचते.
हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, उपाशीपोटीची साखर.
फहाहीलच्या दवाखान्यात, तळमजल्यावर,
दीडशे माणसं बारकोड होऊन
माझ्यासमोरून जातात
आणि एकाही गोष्टीचा शेवट
मला कळत नाही.

म्हणून घरी आल्यावर
आधी चप्पल, मग पुस्तक.
चहा नंतर.
कुकरची शिट्टी होईपर्यंत चार पानं म्हणते,
शिट्ट्या मोजायच्या राहतात,
भात गिचका होतो.
चांगल्या कादंबरीची माझी परीक्षा एवढीच.

या खेपेला विमानतळावर तीन किलो जास्त भरले.
रांगेतल्या सगळ्यांसमोर बॅग उघडून
मी भाजणी काढली, कुळथाचं पीठ काढलं,
आईने उन्हात बसून घातलेले सांडगे काढले,
भावाच्या हातात दिले.
तो म्हणाला, अगं, पुस्तकं तिकडेही मिळतील.
मिळतात. मराठी नाही मिळत.
सांडग्यांचं आईला अजून सांगितलेलं नाही.

इथे एक पुस्तक एकाचं राहत नाही.
मंगफच्या पेडणेकरांकडून आलं तेव्हा
पान ब्याण्णववर हळदीचं बोट होतं,
आणि समासात, सालमियाच्या कुणीतरी,
पेन्सिलीने लिहिलं होतं: खोटं!
एवढंच. उद्गारचिन्हासकट.
त्या पानावर मी तीन रात्री अडकले.
काय खोटं? तिचं रडणं? नवऱ्याचं पत्र?
त्या न पाहिलेल्या माणसाशी मनातल्या मनात कडाकडा भांडले,
मग हळूहळू पटत गेलं,
खाली बारीक अक्षरात लिहिलं: हो.

जूनमध्ये तोझ येतो.
आकाश विटेच्या भुकटीचं होतं.
फटींना ओले टॉवेल लावले तरी
उघडं राहिलेलं पुस्तक सकाळी
बारीक धुळीने भरलेलं असतं.
मी झटकत नाही.
जिथे डोळा लागला, तिथेच
शिवणीत वाळू साचलेली असते.
खुणेला आणखी काय हवं?

खाली इस्त्रीच्या दुकानात वर्की
इस्त्री तापेपर्यंत मल्याळममधलं काहीतरी जाडजूड वाचतो.
त्याची अक्षरं मला
उसवलेल्या लोकरीसारखी दिसतात.
माझी त्याला,
तो म्हणतो, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी.
शुक्रवारी आम्ही मोडक्या हिंदीत
गोष्टींची अदलाबदल करतो.
मागच्या शुक्रवारी मी माझी सांगितली,
या शुक्रवारी त्याने ती मलाच परत सांगितली,
आणि त्यात ती बाई विहिरीपाशी थांबलीच नाही,
बस पकडून निघून गेली.
'ऐसा नहीं था,' मी म्हटलं.
'मेरेको मालूम,' म्हणाला,
आणि कुणाच्या तरी सदऱ्याची कॉलर
दाबून धरली. वाफेचा आवाज झाला.

नवीन काय लिहिताय, असं लोक विचारतात.
दोन पुस्तकं झाली, तिसरं अडलंय
चार वर्षं.
वहीच्या बाराव्या पानावर
एक बाई दारात उभी आहे.
पाय भरून आले असतील बिचारीचे.
खरं सांगू? आज रात्रीही
मी तिला तसंच ठेवणार होते.
पाठीशी दोन उशा, एसीची घरघर,
लांब रिफायनरीची ज्योत
काचेवर हलतेय,
आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकात
कुणीतरी आत्ता अंधारात जिना चढतंय,
सातवी पायरी, आठवी,
अशा वेळी उठायचं कुणी?

उठले.
वहीत एक वाक्य घातलं:
दाराशी स्टूल होतं, त्यावर ती टेकली.

मग परत नववी पायरी.